रावकाका, रथविलासच्या झाडाबद्दल

रावकाका, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. रडायचं ते रडून झालं. आता मला भीती वाटतेय, आणि ती कोणाला सांगावी तर असली गोष्ट ऐकून घेणारे एक तुम्हीच होतात.

उद्या रविवारी सकाळी दहाला रथविलास बंगल्यात तुमच्यासाठी सभा आहे. मालकीणबाईंनी, वल्लीअम्मांनी, सगळं स्वतः ठरवलंय. जागा पोर्चसमोरची, मोठ्या झाडाखालची. शंभर खुर्च्या मागवल्यात. कॉर्पोरेशनच्या शाळेतली, दर शुक्रवारी बागेत माझ्याकडे झाडं शिकायला येणारी आपली पोरं गाणार आहेत, ती सगळ्यात पुढे, सतरंजीवर, खोडाला लागून. "राव तिथेच बसायचा ना, मग पोरं तिथेच बसतील," असं वल्लीअम्मा म्हणाल्या. मी दोन शब्द बोलायचेत. ते लिहायला म्हणून सकाळी बसले आणि पहिल्या ओळीपुढे हात चालेना. कारण ते झाड आतून पोकळ आहे, काका. मला हे काल दुपारी कळलं. कालपासून बाहेर जरा वारं सुटलं की मी गॅलरीत जाऊन उभी राहतेय. वेलचेरीतल्या आमच्या घरातून रथविलासचं झाड दिसत नाही हे मला ठाऊक आहे. तरी जातेय.

तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात तो दिवस आठवतो. मी नुकतीच कॉलेजातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई घरी बसून करणार काय, तर नवऱ्याशी भांडणार. म्हणून मी रथविलासच्या ट्रस्टला पत्र टाकलं की तुमच्या बागेतल्या झाडांची यादी मी फुकट करून देते. फाटकाशी तुम्ही उभे होतात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात हातभर लांबीचा लोखंडी गज. मला वाटलं, हा म्हातारा मारतो की काय! मी तमिळमध्ये सुरुवात केली, ते माझं इतक्या वर्षांनीही साताऱ्याचा वास येणारं तमिळ. तुम्ही दोन वाक्यं ऐकलीत आणि म्हणालात, "मराठीच बोला की. उगे कशाला त्रास घेतां?"

मी तुमच्याकडे बघतच राहिले. तंजावरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले तुम्ही. तुमचं मराठी ऐकून मला हसू येत होतं आणि ते तुम्ही ओळखलंत. "हसा, हसा. तुमचं मराठी पेपरातलं, टीचरबाई. अमचं पोटातलं." त्या दिवसापासून मी टीचरबाई झाले आणि तुम्ही रावकाका.

मग तुम्ही मला बंगला दाखवलात. खरं तर बंगला दाखवलातच नाही, पोर्च दाखवलंत. एवढं उंच पोर्च मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, श्रीमंती मिरवायची हौस, दुसरं काय. तुम्ही गज वर करून म्हणालात, "टपावर सामान लादलेली बस आत यावी, म्हणून." मोठ्या मुदलाळींनी, म्हणजे मालकांनी, तंजावर-कुंभकोणम अशी एक लाकडी बॉडीची बस घालून सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्या बसगाड्या निम्म्या मुलखात धावायला लागल्या तेव्हा मद्रासेत हा बंगला बांधला. बांधताना अट एकच. गाडी मागे घ्यायची नाही. रिव्हर्स म्हणजे अपशकुन. म्हणून सगळी बाग बसच्या वळणाच्या मापाने आखलेली. एका फाटकाने शिरा, मधल्या मोठ्या झाडाला पूर्ण फेरी घाला, पोर्चखालून निघा आणि पुढे तोंड करूनच बाहेर पडा. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून, चाकाखाली लिंबं ठेवून त्या झाडाभोवती फिरायच्या, हे तुम्ही मला निदान वीस वेळा सांगितलंत. दर वेळी एखादी गाडी वाढायची. मी मोजायची आणि टोकायची. तुम्ही चिडायचात. "तुम्ही होतां का तिथे?" मी कुठून असणार! मी तेव्हा साताऱ्यात परकर नेसून फिरत होते.

आणि तो गज. डेपोत पहाटे ड्रायव्हर प्रत्येक टायरवर गज मारायचे आणि आवाजावरून हवा ओळखायचे. मुदलाळींना ही रीत इतकी आवडली की बंगल्यातल्या झाडांनाही त्यांनी ती लावली. रोज सकाळी सातला एक माणूस गज घेऊन प्रत्येक झाड ठोकून बघणार, आवाज ऐकणार, आणि रजिस्टरात झाडाच्या नंबरापुढे लिहिणार 'सरि', म्हणजे ठीक. मी हे ऐकलं तेव्हा मनातल्या मनात वेड्यात काढलं होतं तुमच्या मुदलाळींना. मग रात्रभर विचार केला तेव्हा कळलं की माणूस बरोबर होता. आतून कुजलेलं खोड ठोकल्यावर वेगळं वाजतं, हे पुस्तकातही आहे. फक्त मी कधी ठोकलं नव्हतं.

पुढे सरकारने बसगाड्या ताब्यात घेतल्या, ड्रायव्हर गेले, मुदलाळी गेले. टायर खात्यातले कारकून तेवढे मागे उरले, गज आणि रजिस्टर घेऊन. ते तुम्ही.

काका, तुम्ही मला शिकवायला बघितलंत हे मी कबूल करते. "गज सैल धरा, टीचरबाई. घट्ट धरलां की तो काही सांगत नाही." मी दोनदा मारला, तिसऱ्यांदा माझ्याच नडगीवर बसला, आणि मी म्हटलं, हे तुमचं खातं, मी आपली पानं बघते. मी वही घेऊन तुमच्या मागे मागे चालायची. तुम्ही ठोकायचात, मान हलवायचात, "सरि" म्हणायचात आणि मी टिकमार्क करायची. पावसाळ्याच्या तोंडावर ट्रस्टला झाडांचा दाखला लागतो. तो मी द्यायची. पानं हिरवी, साल शाबूत, बुंध्याशी बुरशी नाही, आणि खोडाचं काय? तर रावांनी सरि म्हटलंय. खाली माझी सही, सहीखाली माझी पदवी, ठळक अक्षरात. किती मिरवायची मी ती पदवी! तुमच्या कानावर माझी पदवी उभी होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. सोयीचं होतं.

आता सापाचं बोलू. आपलं ते भांडण मिटलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळा उघडल्यावर पहिल्या शुक्रवारी मी आले तर मोठ्या झाडाला हळदीचा दोरा, बुंध्याशी वाटीत दूध, एक अंडं, आणि पोरं चिडीचूप होऊन पन्नास पावलांवर उभी. वर्गाचं बाकसुद्धा तुम्ही हलवून पार विहिरीकडे नेलं होतं. म्हटलं, काय हे? तुम्ही म्हणालात, "पाम्बु." साप. म्हटलं, कुठला साप? तुम्ही म्हणालात, "मोठा. मुळात बसलाय. त्याला त्रास द्यायचा नाही. पोरांना तिकडे विहिरीकडेच शिकवा."

माझं डोकं फिरलं. तीस वर्षं मी वर्गात घसा कोरडा केला की असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका, आणि माझ्याच पोरांसमोर माझाच माणूस झाडाला अंडं वाहतोय! तुम्हाला मी काय काय बोलले ते आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात. "तुमच्या मुदलाळींनी लिंबं ठेवली, तुम्ही अंडी ठेवा, आणि पोरांना घाबरट करून सोडा!" पुढच्या शुक्रवारी मी साप धरणारा माणूस घेऊन आले. त्याने आकडी घालून मुळं तपासली, विजेरी मारून बघितलं, आणि सांगितलं की इथे साप काय, सरडासुद्धा नाही. मी पोरांदेखत कात्रीने तुमचा दोरा कापला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाक चार पोरांनी उचलून परत झाडाखाली आणलं.

तुम्ही एवढंच म्हणालात, "साप नाही, हे तुम्ही सांगिटलात. बरं. तुम्ही जिंकलां. पण पोरांना तिकडेच बसवा ना, टीचरबाई."

मी म्हटलं, "का? कारण सांगा. एक तरी धड कारण सांगा."

तुम्ही तोंड उघडलंत. मी बघितलं होतं ते. मग मिटलंत, आणि रजिस्टर घेऊन आत निघून गेलात. तीन आठवडे आपण बोललो नाही. मी घरी येऊन ह्यांना फुशारकीने सांगितलं, म्हाताऱ्याला चांगलं सरळ केलं.

त्यानंतर दर शुक्रवारी तुम्ही वर्गाला येऊन बसायला लागलात. मला वाटलं, आला ताळ्यावर. पोरं पुढे, आणि तुम्ही मागे, पोर्चच्या बाजूला, खोडाला पाठ टेकून, दोन्ही तळवे सालीवर उपडे. तासभर हलायचा नाहीत. मी पोरांना सांगत होते की हे झाड संध्याकाळी पानं मिटतं, म्हणून तमिळमध्ये त्याला तूंगुमूंजी म्हणतात, झोपाळू तोंडाचं, आणि तुम्ही डोळे मिटून बसलेले. पोरं खुदखुदायची की थाथा, म्हणजे आजोबा, पण झोपले. मी पण हसायची. एकदा जोराचं वारं सुटलं आणि तुम्ही ताडकन उठून ओरडलात, "अस्के उठा! अस्के!" अस्के म्हणजे सगळे, हे पोरांना काय कळणार, पण तुमचा चेहरा बघून पळाली. माझा धडा अर्धा राहिला. मी तुम्हाला फाटकापर्यंत बोल लावत गेले.

काका, तुम्ही झोपला नव्हतात. तुम्ही झाड धरून बसला होतात.

काल वसंताकडे गेले होते. तुमच्या लेकीच्या घरी, दहाव्याला जमलं नाही म्हणून. तिने कॉफी दिली, मग तुमच्या कपाटातला एक डबा समोर ठेवला. आत कानात घालायचं ऐकू यायचं यंत्र, कागदात गुंडाळलेलं, एकदाही न वापरलेलं. "चार वर्षं झाली," वसंता म्हणाली. "अप्पांना काही ऐकू येत नव्हतं. ओठ बघून बोलायचे. कोणाला सांगायचं नाही म्हणून अमच्याकडून शपथ घेतली. बंगल्यात कळलं तर गज काढून घेतील म्हणायचे."

एकेक गोष्ट आठवायला लागली. तुम्ही फोन घेणं सोडलंत ते. मी वहीत बघून बोलले की "तोंड वर करा, टीचरबाई, असं जमिनीशी काय बोलतां," म्हणून खेकसायचात ते. मला वाटायचं म्हातारपणी माणूस तिरसट होतो. आणि चार वर्षं रोज सकाळी शंभरेक झाडांवर गज मारून, मान हलवून, सरि! माझ्या चार दाखल्यांवर बहिऱ्या माणसाचा कान! मी वसंताला म्हटलं, "म्हणजे अप्पांना झाडांचं काहीच कळत नव्हतं?"

ती म्हणाली, "कळत होतं की. ऐकू येत नाही तरी मनगटाला कळतं म्हणायचे. मोठं झाड आतून गेलंय, हे दोन-अडीच वर्षांपूर्वीच सांगिटलं त्यांनी घरी. वारं सुटलं की जेवता जेवता ताट सोडून उभे राहायचे. पडेल म्हणायचे. मी म्हटलं, अप्पा, वल्लीअम्मांना सांगा. तर म्हणाले, सांगिटलं की कापतील. कापलं की अस्कं जाईल."

कॉफीचा पेला मी अर्धाच खाली ठेवला.

तिच्याकडून गज मागून घेतला आणि थेट रथविलास गाठलं. भर दुपार, सभेमुळे शुक्रवारचा वर्गही बंद, बागेत कोणी नाही. आधी कडुलिंबावर मारला, तुम्ही सांगायचात तसा सैल धरून. खणखणीत आवाज आला आणि गज हातात उसळला. महोगनीवर मारला, तेच. मग मोठ्या झाडाकडे गेले. फाटकाच्या बाजूने बरं वाजलं. मला हायसं वाटलं. एक एक पाऊल सरकत, ठोकत ठोकत पोर्चच्या बाजूला आले आणि तिथे भद्द. गज उसळलाच नाही. परत मारला, भद्द. वर मारला, खाली मारला, हात पसरून जिथवर पोचेल तिथवर मारला. ते सगळं तुमच्या पाठीमागचं खोड होतं, काका, आणि तिथे आत काही नव्हतं. मी वर बघितलं. एवढाल्या फांद्या, गच्च हिरव्या, आणि त्यांच्या खाली सतरंजीच्या जागेची पांढरी रेघ मारून ठेवलेली, उद्यासाठी. मी अक्षरशः पळाले. ह्या वयात, साडी सावरत, पोर्चखाली जाऊन उभी राहिले आणि तिथेही थांबवेना, कारण पडलं तर ते तिकडेच पडणार.

मला तुमचा फार राग येतोय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावणार. मी कारण मागितलं होतं तुमच्याकडे! एक धड कारण. तुम्ही ते द्यायचं सोडून मला साप दिलात. मी अशा बाया ओळखते ज्या साप म्हटल्यावर गप्प बसल्या असत्या. पण तुम्ही मला ओळखत होतात. सापाचं नाव काढलं की ही बाई बिळात हात घालेल, हे तुम्हाला कळायला हवं होतं. मीच पोरांना तिथे परत आणलं, काका. माझ्या हाताने बाक हलवून घेतलं. दोन वर्षं दर शुक्रवारी चाळीस पोरं मी त्या खोडाला टेकवून बसवली, आणि वर दाखला दिला की झाड निर्धोक आहे. एखाद्या शुक्रवारी ती फांदी आली असती तर? काल रात्रभर एकेका पोराचं नाव आठवत पडून होते.

आणि राग येतो तेवढीच मायाही येते, त्याला काय करू? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, कान गेलेला, दर शुक्रवारी येऊन स्वतः त्याच बाजूला पाठ लावून बसतो. हललं तर आधी आपल्याला कळेल म्हणून. माझ्या हट्टाची राखण केलीत तुम्ही, आणि मी फाटकापर्यंत तुम्हाला बोल लावत गेले. मला माफ करा म्हणायला तुम्ही जागेवर नाही. तुम्ही गेलात तेही घरी, पहाटेच्या झोपेत, शुक्रवार नसताना. मला कोणी एक दिवस आधी सांगितलं असतं तर मी तुमच्या समोर बसून, तोंड वर करून, एकेक शब्द सावकाश बोलले असते.

तुम्ही का लपवलंत ते मला कळतं. वल्लीअम्मांचा सिरुसेरीच्या आयटी पार्कातला भाचा नकाशा करून बसलाय हे मलाही ठाऊक आहे. फाटकापासून सरळ रस्ता, मागच्या बागेत तीन टॉवर. मध्ये काय येतं, तर हे झाड आणि त्याभोवतीचं वळण. वल्लीअम्मा त्याला तोंडावर म्हणाल्यात, "आजोबांचं झाड उभं आहे तोवर इथली एक वीट हलणार नाही. झाड गेलं की मी काही बोलणार नाही, तुम्ही करा काय ते." मी होते तिथे. तुम्हीही होतात, ओठ बघत. म्हणजे मी तोंड उघडलं की झाड जाणार, वळण जाणार, मुदलाळींची बाग जाणार, आणि कदाचित ते वेडं उंच पोर्चही. तुम्ही पन्नास वर्षं जे सांभाळलंत ते मी एका फोनने संपवणार. झाड अर्धं छाटून, लोखंडी टेकू देऊन वाचवता येतं कधीकधी. येतंच असं नाही. ह्या झाडाचं येईल असं मला मनापासून वाटत नाही, आणि आता मी न वाटणारं लिहून सही करणार नाही.

आज दिवसभर मी पळवाटा शोधल्या, खोटं कशाला बोलू. उन्हाचं निमित्त सांगून खुर्च्या हलवायला लावाव्यात असं ठरवलं. मुंग्यांचं सांगावं असंही ठरवलं. चार वाजेपर्यंत माझ्याकडे अशी पाच निमित्तं तयार होती. मग लक्षात आलं की हे तर मी तुमचंच करतेय. उद्याची सभा टळेल, पण शुक्रवारी पोरं परत येतील. मी नसले तर दुसरी कोणीतरी हुशार बाई येईल, निमित्त खोटं आहे हे सिद्ध करेल, आणि पोरांना टाळ्या वाजवत परत तिथेच बसवेल. ह्यांना विचारलं. ते पेपर खाली न करता म्हणाले, "तुला काय करायचंय ते तुला माहितेय. मला विचारतेस ते घाबरलीस म्हणून." चाळीस वर्षांत पहिल्यांदा बरोबर बोलले.

तेव्हा आत्ता, संध्याकाळी, मी वल्लीअम्मांना फोन लावला. आवाज इतका कापत होता की त्यांनी आधी विचारलं, कोण गेलं. मी सांगितलं, झाड आतून पोकळ आहे, मी काल ठोकून बघितलं, त्याच्याखाली कोणालाही बसवू नका, उद्याही नाही, पुढेही नाही.

त्या हसल्या. प्रेमाने हसल्या, तेच वाईट. "टीचर, तुम्हाला रावच्या जाण्याचा धक्का बसलाय. एका दिवसात तुम्हाला गज मारता यायला लागला होय? राव पन्नास वर्षं ठोकत होता. तो गेला त्याच्या आदल्या दिवसाचं रजिस्टर माझ्यासमोर आहे. सरि लिहिलंय. त्याच्या हातचं अक्षर आहे."

इथे मला सुटका होती, काका. "रावांना ऐकू येत नव्हतं," एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. बिचारा म्हातारा, कान गेले, चुकला, असं म्हणून सगळ्यांनी डोळे पुसले असते, आणि माझ्या चार सह्याही त्यात धुऊन निघाल्या असत्या. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं ते. पण वल्लीअम्मांनी दुसऱ्या दिवशी कोणा जाणत्याला बोलावलं असतं, भाच्याने तिसऱ्याला, तिघं तीन गोष्टी बोलले असते, आणि तोवर पोरं खाली. त्यांचा विश्वास फक्त तुमच्यावर आहे. म्हणून मला तुमचीच साक्ष काढावी लागली. मी सांगितलं की तुमचे कान गेले होते, हे खरं. पण तुमच्या मनगटाला कळलं होतं. दोन-अडीच वर्षं तुम्हाला माहीत होतं की हे झाड पडणार, आणि तुम्ही घरी लेकीला सांगितलं होतं.

त्यांनी फार हळू विचारलं, "म्हणजे राव रोज सकाळी माझ्या घरात बसून खोटं लिहीत होता?"

"हो," मी म्हणाले. "आणि त्याखाली मी सही करत होते."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यांनी विचारलं, "खुर्च्या कुठे मांडू?"